कोठीपासून चार चौकोन

३ फेब्रुवारी, मंगळवार

नाव नाही. पाकिटावर माझं नाव नाही! ‘मालकीणबाई, शिवणकामाचं दुकान, पाण्याच्या टाकीमागची गल्ली.’ एवढंच. सख्खा भाऊ, एका आईच्या पोटचा, एका ताटात जेवलेला, आणि बहिणीला पत्र पाठवतो ते असं. वीजबिलवाले बरे, ते चुकीचं का होईना पण नाव लिहितात.

आणि पत्र तरी त्याचं आहे का? नाही. त्याच्या ऑफिसातल्या कुणा माणसाचं, टाईप केलेलं. साहेबांच्या तीस वर्षांच्या कामाचं प्रदर्शन भरणार आहे म्हणे. साहेब म्हणजे आमचा टाचण्या. लहानपणी अंगानं काडी आणि वर डोकं तेवढं मोठं, म्हणून टाचण्या. तो कॉम्प्युटरवरचे लढाईचे खेळ बनवतो. धावायचे-उडी मारायचे नाहीत, डोकं खाजवत बसायचे. जगभर खपतात म्हणे. खपू देत.

तर त्या प्रदर्शनात त्यांना माझं टेबल पाहिजे. माझं कापायचं टेबल! बदल्यात नवं देणार, हवं तेवढं लांब. पंधरा मार्चपर्यंत कळवा. सोबत त्यानं लिहिलेलं पुस्तक, स्वतःच्या आयुष्याचं. चांगलं जाडजूड.

सकाळपासून हेच बोलत होते तर आमचे हे म्हणाले, “मला पाचव्यांदा सांगतेयस. लिहून ठेव कुठेतरी.” हे लिफ्ट दुरुस्त करतात आणि बोलतातही लिफ्टसारखेच. चालले तर चालले, नाहीतर दोन मजल्यांच्या मधे अडकले. तरी म्हटलं, बरं, लिहू. दोरेवाल्या कंपनीनं दिलेली डायरी कोरीच पडलेली होती. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, कोणी वाचायला जाऊ नये.

४ फेब्रुवारी, बुधवार

टेबलाबद्दल लिहायचं राहिलं.

बाबांचं टेबल ते. मापाला सोपं जावं म्हणून त्यांनी लाकडावर सुरीनं रेघा मारल्या होत्या, चार-चार बोटांवर एक, उभ्या आणि आडव्या. चौकोनच चौकोन. मी आणि टाचण्या त्यावर बटणांची लढाई खेळायचो. शर्टाची पांढरी बटणं त्याची, कोटाची काळी माझी. शिवताना बोटात घालायची लोखंडी टोपी असते ना, ती म्हणजे कोठी. दोघांच्या दोन कोठ्या. कोठीपासून चार चौकोनांच्या पुढे गेलेलं बटण उपाशी. दुसऱ्या खेपेला परत आलं नाही तर मेलं.

हा नियम माझा. टाचण्याला नुसती हाणामारी पाहिजे असायची. मी म्हटलं, “तुझे सैनिक जेवतात कधी? घरात मी वाढते, मला विचार किती तोंडं आणि किती भांडी.” पहिले सहा महिने तो रोज हरला.

दुसरा नियमही माझा. तोंडातून गेली ती चाल गेली. बोललेली चाल मागे नाही. सूट एकच, डावात एकदा ज्यानं बोलली त्यानंच ‘उचलली’ म्हणून ती मागे घ्यायची, समोरच्यानं तिला हातही लावायचा नाही. कारण टाचण्या रडका होता, दर चालीला ‘ही नको, ती’ करायचा.

आता हे प्रदर्शनात मांडणार, आणि खाली लिहिणार की साहेबांनी लहानपणी शोधून काढलं. मी ओळखून आहे.

हो-नाही नंतर सांगेन. आधी पुस्तक वाचणार. माल न बघता मी कुणाला शब्द देत नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

पुस्तक उलटसुलट करून पाहिलं. शिलाई बरी आहे, धाग्यानं बांधलंय, नुसतं चिकटवलेलं नाही. मुखपृष्ठावर ह्याचा फोटो. केस पांढरे झाले. कॉलर एका बाजूला बसत नाही, आणि अख्ख्या ऑफिसात कुणी सांगणारं नाही.

कपडा तपासायचा तर आतून आणि खालून. वरून सगळेच छान दिसतात. शिवणारा शेवटाला कंटाळलेला असतो, लबाडी करतो ती तिथेच. म्हणून मी शेवटच्या प्रकरणापासून धरलंय. एकूण चौदा. चौदावं, मग तेरावं, असं पुढे येईन. सुरुवातीची पानं काय, लेबल असतं ते, कापून टाकायचं.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, “पुस्तक असं वाचत नाहीत.”

“मग तुम्ही लिफ्ट वरून का उघडता?”

अडकले.

८ फेब्रुवारी, रविवार

दुकान बंद. सकाळी दोन तास वाचलं. बोट ठेवून वाचते, तरी ओळ निसटते. चौदावं प्रकरण संपलं.

आता तो मोठ्या ऑफिसात बसत नाही. घरीच एका खोलीत, कागदावर चौकोन आखून खेळ मांडतो. कॉम्प्युटर नंतर. लिहितो, ‘माझ्या टेबलाशी नेहमी दोन खुर्च्या असतात. समोरच्या खुर्चीवर मी कोणालाही बसू देत नाही. नवी माणसं आधी हसतात, मग सवय होते. चाल अडली की मी त्या खुर्चीकडे पाहतो आणि विचारतो, इथे सैनिक जेवतात कधी?’

वाक्य माझं! शब्दाला शब्द माझं! आणि विचारतो कुणाला, तर खुर्चीला.

एवढा राग आला की उठून बटणांचा डबा निवडत बसले. दोन भोकांची वेगळी, चार भोकांची वेगळी. तासाभरानं बरं वाटलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

त्या ऑफिसवाल्याचा फोन. आवाज कोवळा, इस्त्री केल्यासारखा.

“नमस्कार मॅडम. टेबलाचं काही ठरलं का?”

“टेबल तुमच्या साहेबांना पाहिजे की तुम्हाला?”

“प्रदर्शनाला, मॅडम.”

“प्रदर्शनाला तोंड आहे का मागायला? साहेबांना मागता येत नाही?”

“सर म्हणालेत, आग्रह अजिबात करायचा नाही. तुम्ही जे बोलाल ते शब्दाला शब्द लिहून घ्यायचं आणि त्यांना वाचून दाखवायचं.”

“शिव्या दिल्या तरी?”

“सर म्हणाले, शिव्या असतील तर त्या आधी.”

“बरं. लिहा. कॉलर नीट बसत नाही. मागून अर्धा बोट घ्यायला लागेल. लिहिलं?”

“लिहिलं.”

“माझं नाव तरी माहीत आहे का तुम्हाला?”

“नाही, मॅडम. पत्र लिहिताना मी सरांना विचारलं होतं. ते म्हणाले, ते मला सांगता येत नाही.”

सांगता येत नाही! विसरला की काय मेला. फोन ठेवून दिला. पायाखालचं मशीन इतक्या जोरात चालवलं की सुई मोडली.

१४ फेब्रुवारी, शनिवार

शाळेचे गणवेश. चोवीस पँटी, खालून सोडायच्या. पोरं वाढतात की ताणतात कोण जाणे. वाचन नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

आज एक गंमत झाली.

बसचा कंडक्टर आलेला, लांब पल्ल्याच्या गाडीवरचा. युनिफॉर्मचा कोट पोटावर बसत नाही म्हणून. दर वर्षी सोडायला आणतो आणि दर वर्षी म्हणतो, “मावशी, कापड आटलंय.”

“कापड आटलंय आणि खुर्च्या अरुंद झाल्यात,” मी म्हटलं. “बसा.”

बसला आणि मोबाईल काढून खेळायला लागला. सहज डोकावले तर चौकोन! टाचण्याचाच खेळ. सैनिक, घोडे, किल्ले, आणि मधोमध एका घरासमोर पदर खोचून उभी असलेली बाई.

“ही कोण?”

“ही कोठीवाली. हिच्यापासून लांब गेलं की सैन्य उपाशी मरतं. मी ह्या डावात तीन महिने अडकलोय मावशी.”

“अडकाल नाहीतर काय. सगळे पुढे धाडलेत आणि मागे ही एकटी. आणा इकडे.”

माझं बोट मोठं, पडदा लहान. दोनदा चुकीचं दाबलं. पण माघार घेऊन सगळे कोठीभोवती आणले, आणि समोरच्याला यायला लावलं. येऊ दे, म्हटलं, चालून चालून भूक लागेलच. लागली. कोटाची एक बाजू उसवून होईपर्यंत डाव संपला. कंडक्टर तोंड उघडं टाकून बघत राहिला.

“मावशी, तुम्ही कुठे शिकलात?”

“ह्याच टेबलावर. हात वर करा, माप घेते.”

मग म्हणाला, ह्या खेळात प्रत्येकाला नाव देता येतं. सेनापतीला, घोड्याला, किल्ल्यालासुद्धा. त्यानं आपल्या सासऱ्याचं नाव एका घोड्याला दिलंय. फक्त कोठीवालीला नाव देता येत नाही. तिथली जागा कोरी. लोक वैतागतात, साहेबांना लिहून कळवतात, पण साहेब बदलत नाहीत.

मी म्हटलं, “गर्व. दुसरं काय. राबणाऱ्या बाईला नाव कशाला, असं वाटत असेल.”

“तसं नाही हो मावशी. आधीच्या खेळांत तिला नाव होतं. कायमचं, छापील. दहा-अकरा वर्षांपूर्वी नवा खेळ आला त्यात काढून टाकलं. काय बरं होतं ते? साधंच होतं, तुमच्या-आमच्या घरातलं...”

“हलू नका, टाचणी लागेल.”

“आठवलं—”

“श्वास आत घ्या. आणखी. तेवढं पोट आत जात असेल तर कोट सोडायची गरज काय?”

हसला आणि राहून गेलं. मला तरी काय करायचंय त्याच्या बाहुलीच्या नावाशी. पण डाव चांगला झाला. बेचाळीस वर्षांनी खेळले.

२२ फेब्रुवारी, रविवार

आठव्या प्रकरणापर्यंत आले. मधली प्रकरणं कंटाळवाणी. कुठल्या खेळात किती चौकोन, कुठली कंपनी बुडाली, कुणी कुणाला सोडून गेलं. बायको सोडून गेली तेही दीड ओळीत उरकलंय, ‘ती म्हणाली, तू सतत दुसऱ्या कुणाची तरी चाल येण्याची वाट बघत असतोस.’ खरंच बोलली बिचारी. तिला मी एकदाच भेटले, पण बाई सरळ होती.

आठव्यात आई आहे.

आई गेली तेव्हा हा तिसऱ्या दिवशी उगवला. त्याचा कुठलासा खेळ त्याच आठवड्यात बाजारात यायचा होता. आईनं शेवटचे दोन दिवस दाराकडे डोळे लावले होते. मी सगळ्यांसमोर त्याला चार शब्द सुनावले. सुनावणारच. नंतर तो निघून गेला तो गेलाच. अकरा वर्षं ना फोन, ना पत्र. कुणाच्या तरी तोंडून माझी ख्यालीखुशाली विचारत असतो म्हणे, पण माझं नाव न घेता. ‘तिकडे सगळं बरं आहे ना?’ असं. तिकडे! मी काय दिशा आहे?

पुस्तकात लिहितो, ‘खेळ वेळेवर पोहोचला, मी तीन दिवस उशिरा. त्या दिवशी माझ्यासमोर एक चाल बोलली गेली. ती न्याय्य होती. मी ती पाळतो.’

कबूल केलं म्हणायचं. पण कुणी बोलली? भिंतीनं? इथेसुद्धा मी नाही. चौदा प्रकरणांत सात वाचली. आईचं नाव आहे, बाबांचं आहे, गल्लीतल्या लंगड्या कुत्र्याचंही आहे. बहीण होती हेसुद्धा नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

टेबल द्यायचं नाही. ठरलं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

पण पुस्तक पुरं करणार. अर्धं शिवून कपडा परत केला असं माझ्या हातून कधी झालेलं नाही.

१ मार्च, रविवार

लिहायलाच पाहिजे, नाहीतर ह्यांना सांगायला लागेल, आणि सांगायला मला जमणार नाही.

दुसरं प्रकरण. लहानपण. टेबल आहे, रेघा आहेत, बटणं आहेत, लोखंडी टोप्या आहेत. आणि मी नाही. ‘समोरून चाल यायची.’ ‘समोरच्या बाजूनं कोठी लावली.’ सारखं समोरून, समोरून. जशी काय काळी बटणं आपोआप चालत होती. एका ठिकाणी तर, ‘समोरच्या हातावर इस्त्रीचा डाग होता, तिसऱ्या महिन्यात तो काळ्याचा गुलाबी झाला.’ डाग अजून आहे. आत्ता लिहितेय त्याच हातावर. एवढं सगळं आठवतं आणि हात कुणाचा ते आठवत नाही?

पण लिहायचं ते हे नाही.

बाबांचा उजवा हात गेला त्या साली, मी अकराची, टाचण्या नऊचा. आई म्हणाली, दोघांना शाळेत धाडणं आता होणार नाही. एकाला उद्यापासून मशीनवर बसायला लागेल. कोणी, ते तिच्यानं ठरवेना. म्हणाली, “तुमचं तुम्ही ठरवा,” आणि तोंड फिरवून काजं करत बसली.

आम्ही टेबलावर ठरवायचं म्हटलं. एक डाव. जिंकेल तो शाळेत.

मी हरले.

मला हरता येत नव्हतं त्या खेळात. त्याला पक्कं माहीत होतं, माझी कोठी मी जागची हलवत नाही. घर सोडून कोठी नाही, असं मीच सांगायचे. त्या दिवशी मी ती उचलून पुढे ठेवली, तीन चौकोन. मागची सगळी काळी बटणं उपाशी पडली. त्यानं ओरडून उडी मारली. मी म्हटलं, “चुकले बाई.” दुसऱ्या दिवशी मशीनवर बसले.

हे मी कुणाला सांगितलं नाही. आईला नाही. ह्यांना नाही. बेचाळीस वर्षं माझ्याकडे एक गोष्ट होती जी फक्त माझी होती. शाळा कमी पडली, अक्षर वाकडं, बँकेत फॉर्म भरताना कमी लेखतात, तेव्हा मनात म्हणायचे, मला कुणी हरवलेलं नाही, मी हरले.

आणि हा लिहितो,

‘कधीही कोठी न हलवणाऱ्या हातानं त्या दिवशी कोठी हलवली. मी पाहिलं. मला कळलं. मी नऊ वर्षांचा होतो, पण तेवढं कळण्याइतका तो खेळ मला येत होता. मी काही बोललो नाही. ओरडलो, उडी मारली आणि दप्तर घेतलं. त्यानंतर मी एकवीस खेळ बनवले. प्रत्येकात ती चाल खेळता येते. ती ओळखणारा खेळाडू मला अजून भेटायचा आहे.’

पाहिलं होतं. मेल्यानं पाहिलं होतं.

पुस्तक मिटलं. कुणाचा तरी शर्ट घेतला आणि इस्त्री केली. मग तोच शर्ट पुन्हा केला.

३ मार्च, मंगळवार

ह्यांना सांगितलं. सगळं नाही, थोडं. म्हटलं, “सगळं लिहिलंय, फक्त माझं नाव घेतलं नाही. एवढी लाज वाटते त्याला चौथी पास बहिणीची?”

हे चहा पीत होते. बशी खाली ठेवली. लिफ्ट हलली म्हणायची.

“कसं घेईल? तूच नको म्हणालीस.”

“मी? कधी?”

“आई गेल्या तेव्हा. चौदा माणसं होती घरात, सगळ्यांनी ऐकलं. म्हणालीस, ‘आजपासून माझं नाव तुझ्या तोंडात येता कामा नये. कुठे सांगायचं नाही, कुठे लिहायचं नाही. बोललेली चाल आहे ही.’ मला वाटलं, चाल काय मधेच. पण तो पांढराफटक पडला.”

“रागात म्हटलं असेन. रागात माणूस काय वाटेल ते बोलतं. त्या बँकवाल्या बाईला मी दर महिन्याला सांगते की तुझं ब्लाऊज पुन्हा शिवणार नाही. ती यायची थांबली का?”

“ती तुझ्याबरोबर खेळलेली नाही,” हे म्हणाले.

लग्नाला तीस वर्षं झाली. एका दमात एवढं बोललेले माझ्या आठवणीत नाहीत.

४ मार्च, बुधवार

कंडक्टर कोट न्यायला आला. म्हटलं, “त्या कोठीवालीचं नाव काय होतं म्हणालात, आधीच्या खेळात?”

त्यानं सांगितलं.

मी त्याला बटणं दोनदा लावायला लावली, बसतात का बघायला. मान खाली घालूनच बघितली.

“बोर्डावर तुमचं नाव नाही लिहिलंत कधी, मावशी. नाव काय तुमचं?”

“जागा कमी पडली,” म्हटलं. “चला, मला कामं आहेत.”

६ मार्च, शुक्रवार

पहिलं प्रकरणही संपलं. त्यात काही नाही, गल्लीचं वर्णन. टाकी होती त्यापेक्षा मोठी लिहिलीय.

पुस्तकाला कव्हर घालावं म्हणून अस्तराचा तुकडा काढला. पुठ्ठा आत सरकवताना सुरुवातीची पानं उलटली, ती लेबलाची. एका पानावर मधोमध तीन ओळी. बाकी पान कोरं. उगीच कागद वाया घालवलाय असं वाटलं, म्हणून वाचलं.

‘जिनं कोठी राखली तिला.
चाल तिची आहे.
अकरा वर्षं झाली, मी बसलोय.’

सगळी दुनिया पुस्तक पुढून उघडते. पहिल्याच दिवशी पुढून उघडलं असतं तर महिनाभर त्याला शिव्या दिल्या नसत्या. दिलेल्या ठीकच आहेत म्हणा. उशिरा आला होता हे खरंच आहे. आईचे डोळे दाराकडे होते हे खरंच आहे. ते एका पानानं पुसलं जात नाही.

पण अकरा वर्षं एका जागी बसून राहायचं म्हणजे काय. फोन उचलून ‘ताई’ म्हणता आलं असतं की. ताई म्हणजे काय नाव आहे का? असा पळवाट शोधणारा असता तर खेळात सहा महिने हरलाच नसता, आधीच लबाडी केली असती. टाचण्या रडका होता, पण नियम मोडायचा नाही.

नियम माझेच.

७ मार्च, शनिवार

आज गिऱ्हाईकांना उद्या या म्हटलं आणि उद्या रविवार. तीन जण भांडून गेले. टेबल पुसलं. रेघांत खडू भरलेला होता, टाचणीनं उकरून काढला. बेचाळीस वर्षांचा खडू. चौकोन मोजले. बारा बाय वीस आहेत. तो पुस्तकात बारा बाय अठरा लिहितो. चूक आहे, सांगायला पाहिजे.

८ मार्च, रविवार

पत्र लिहिलं. ह्यांनी कागद दिला आणि बाहेर जाऊन बसले. तीन कागद फाटले, चौथ्यावर जमलं. उद्या कंडक्टरच्या हाती देणार. त्याची गाडी टाचण्याच्या शहरात जाते, आणि तो खेळ बनवणाऱ्याला भेटायला फुकटसुद्धा जाईल. नक्कल इथे उतरवून ठेवते, म्हणजे मी काय बोलले यावर पुन्हा वाद नको.

टाचण्यास,

पुस्तक पोचलं. शेवटाकडून वाचलं, म्हणून उशीर झाला. चूक माझी.

टेबल मिळणार नाही. त्यावर मी रोज काम करते. उद्या सकाळी आठ पँटी कापायच्या आहेत, त्या काय प्रदर्शनात जाऊन कापू? माझे हात थांबले की मग घेऊन जा. तोवर कुणाला बघायचं असेल तर दुकानात यावं, चपला बाहेर काढून. चौकोन बारा बाय वीस आहेत. तू दोन ओळी खाल्ल्यास.

तू उशिरा आलास ते मी विसरलेली नाही, आणि विसरणारही नाही. ते एका बाजूला.

दुसऱ्या बाजूला हे. अकरा वर्षांपूर्वी मी एक चाल बोलले होते. ती उचलली. ऐकलंस ना? मी बोलले होते, मीच उचलतेय, नियमाप्रमाणे. आता माझं नाव घे. कोठीवालीला परत दे. ऑफिसातल्या त्या इस्त्री केलेल्या आवाजाच्या पोराला सांग, पाकिटावर लिहायला लाव. तो गरीब आहे, त्याला रागावू नकोस.

आता माझा प्रश्न. कोठी हलवलेली तू पाहिलीस. तुला कळलं. मग त्या दिवशी बोलला का नाहीस? दप्तर पाहिजे होतं म्हणून, की मी आपणहून हरले हे माझं गुपित माझ्यापाशीच राहू द्यायचं होतं म्हणून? पुस्तकात एकवीस खेळ झाले, उत्तर कुठे नाही. मला ते पुस्तकात नको, फोनवर नको, दुसऱ्याच्या तोंडून नको. इथे येऊन दे.

तुमच्या माणसानं मला पंधरा मार्चची मुदत दिली होती. तीच मी तुला देते. पंधराला रविवार आहे, दुकान बंद असतं. दुपारी तीनपर्यंत बटणं मांडून ठेवते. येताना तो फोटोतला शर्ट आण, कॉलर अर्धा बोट घेते. आणि ह्या वेळी तीन दिवस उशीर नको. पंधरा म्हणजे पंधरा. दारातून नावानं हाक मार आणि उत्तर दे.